उपनगरांचे डोंगर : कातळ पक्का, उतार कच्चा

सह्याद्री पाहायचा तर कर्जत-कसारा गाठावे लागते, अशी मुंबईकरांची समजूत असते. मात्र बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध त्याच कुळातली एक डोंगररांग उभी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०३ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यावर पसरले असून तिचे सर्वोच्च टोक साडेचारशे मीटरहून थोडे अधिक आहे. दक्षिणेला विक्रोळी, घाटकोपरपर्यंत सुट्या टेकड्या आढळतात.

हा सारा दगड ज्वालामुखीचा. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. घाटमाथ्यावर ते बहुतांशी आडवे दिसतात, मुंबईत मात्र ते पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. शिवाय येथील काही खडक मुख्य उद्रेकानंतरचे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे वय सर्रास साडेसहा कोटी वर्षे सांगितले जाते; पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार ते सहा कोटींच्या आसपास भरते. तप्त रस थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि सुमारे ६० मीटर उंचीचे दगडी खांब तयार झाले. अमेरिकेतील ‘डेव्हिल्स टॉवर’ची रचना अशीच आहे. तेथे पर्यटकांची रीघ लागते. आपल्याकडे खाणींनी भोवतालचा दगड पोखरून नेला आणि मधला सुळका तेवढा उरला! माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा करडा दगड दक्षिण मुंबईतील पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत आजही पाहायला मिळतो.

पावसाच्या बाबतीत ही रांग सह्याद्रीची बरोबरी करू शकत नाही. हजार मीटरहून उंच घाटमाथा मोसमी वाऱ्यांना वर चढायला लावतो, म्हणून महाबळेश्वरला पाऊस कोसळतो. उपनगरातील डोंगर ठेंगणे आहेत. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एवढी तफावत केवळ या डोंगरांमुळे पडणे शक्य नाही. त्या दिवशी उपनगरांवर ढगांची उंच उतरंड रचली गेली होती. डोंगरांचे काम पाऊस पडल्यानंतर सुरू होते. दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या येथेच उगम पावतात. विहार (१८६०) आणि पवई तलावांच्या सांडव्यावर मिठी नदी वाहते. उतार तीव्र आणि समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे डोंगरावरचे पाणी अल्पावधीत सखल भागात पोहोचते. त्यात भरती असली की ते तुंबते.

मग कातळ इतका कणखर असताना दरडी का कोसळतात? कारण घसरतो तो बहुधा कातळ नव्हे, तर त्यावरचा मुरूम, माती आणि सुटलेले धोंडे. लाव्हाच्या थरांमधील सच्छिद्र, ठिसूळ पट्टे लवकर झिजतात. सलग पावसात पाणी भेगांतून मुरते, मातीचे वजन वाढते आणि आतील पाण्याच्या दाबामुळे तिची पकड सुटते. त्यातच खाणीसाठी वा घरासाठी पायथा तासलेला असेल, तर वरच्या भाराला आधार उरत नाही. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठहून अधिक जण मृत्युमुखी पडले. २६ जुलै २००५ ला साकीनाक्याला आणि १८ जुलै २०२१ ला चेंबूर, विक्रोळीत पुन्हा तेच घडले.

दुर्घटनेनंतर पहिली मागणी होते ती संरक्षक भिंतीची. भिंत उपयोगी खरी, पण तिच्या मागे साचणाऱ्या पाण्याला बाहेर पडण्यासाठी भोके हवीत. ती बुजली की भिंतीला मातीसोबत पाण्याचाही रेटा सोसावा लागतो. उतारावरील रहिवाशांनी पावसाळ्यात ही भोके मोकळी आहेत ना, हे पाहावे. जमिनीला नवी भेग पडणे, झाड वा खांब कलणे, भिंतीला फुगवटा येणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, यांपैकी काहीही आढळल्यास पाऊस थांबण्याची वाट न पाहता घर सोडावे आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला १९१६ वर कळवावे.