सडा, खाण आणि वाघाची वाट

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, जेथे सावंतवाडी व दोडामार्ग हे तालुके गोमंतकाच्या आणि कर्नाटकाच्या सरहद्दीला भिडतात, तेथे जांभ्याचे विस्तीर्ण सडे पसरलेले आहेत. वैशाखात त्यांवर हिरवी काडी दिसत नाही आणि महसुली दप्तरात अशी पुष्कळशी जमीन पोटखराबा म्हणून नोंदलेली आढळते. परंतु पावसाळा लागला की हाच सच्छिद्र कातळ पाणी पोटात घेतो, भाद्रपदात ‘सीतेची आसवे’ या रानफुलांनी जांभळा होतो आणि साठविलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांवाटे पोफळीच्या बागांना पुढे कित्येक महिने पुरवीत राहतो. या प्रदेशातील लोहखनिजही बव्हंशी याच जांभ्याच्या आश्रयाला आहे. ते काढण्यासाठी सडा फोडावा लागतो, खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी अहोरात्र उपसावे लागते, आणि मग आसपासच्या विहिरी आटू लागतात. कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीच्या खड्ड्यात साचलेले पाणी बांध फोडून बाहेर पडले, तेव्हा चिखलाचा लोंढा शेता-बागायतींत शिरला.

सातबारा कोणाच्याही नावे असो, जमिनीखालील खनिजावर साधारणतः शासनाचा हक्क आहे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे ४८ वे कलम सांगते. लोहखनिजाचा खाणपट्टा १९५७ च्या केंद्रीय कायद्याखाली दिला जातो. वनजमीन असल्यास १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची मंजुरी लागते. मोठ्या खाणीसाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय परवानगी आणि तीस दिवसांच्या पूर्वसूचनेने जनसुनावणी होते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ही छाननी मुख्यतः अर्ज आलेल्या पट्ट्याच्या चतुःसीमेभोवती फिरते, आणि वाघ काही चतुःसीमा पाहून चालत नाही. म्हादई व भीमगडच्या अरण्यांतून उत्तरेस राधानगरीकडे आणि पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडे जाणारी त्याची वाट याच दोन तालुक्यांतून जाते. कर्नाटकातून आलेले हत्तीही तिळारीच्या खोऱ्यात येऊन राहिले आहेत. चार डोंगरांवरच्या चार खाणी स्वतंत्रपणे नियमांत बसल्या, तरी त्यांची बेरीज ही वाट कायमची तोडू शकते, आणि ही बेरीज मांडण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही एका अंमलदारावर नाही.

लोखंड, खडी, वाळू आणि घराचा चिरासुद्धा जमिनीतूनच येतो, तेव्हा खाण नकोच असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कोठे चालेल आणि कोठे मुळीच नाही, हे आधी ठरविणे एवढीच माझी मागणी आहे. गोव्यात ते वेळेवर ठरले नाही. २०१२ मध्ये तेथील खाणी एकाएकी बंद पडल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली, आणि या सगळ्याची झळ सर्वांत आधी लागली ती कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाला.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात या प्रश्नाचा विचार ग्रामसभेपासून सुरू केला. सिंधुदुर्गातील २५ गावांनी आपला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र व्हावा असे ठराव केल्याची नोंद त्यात आहे, आणि मला ती त्या अहवालातील सर्वांत मोलाची वाटते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली आणि २०२४ मध्ये तेथील २५ गावांना संवेदनशील क्षेत्राचा दर्जा ठरावीक मुदतीत देण्याचे आदेश दिले. न्यायालयाने इतक्या कष्टाने घडवून आणावे ते काम वास्तविक जिल्ह्याच्या नियोजनाचे आहे: झऱ्यांचे उगम, सडे, देवराया आणि वन्य प्राण्यांचे मार्ग गावकऱ्यांच्या साक्षीने तालुक्याच्या नकाशावर आखावेत, आणि खाणपट्ट्याचा पहिला अर्ज स्वीकारण्यापूर्वी तो नकाशा तहसील कचेरीत कोणालाही पाहता येईल असा लावून ठेवावा.