पंप घेणाऱ्यानं गावं की नाही?

उत्तन-पालीच्या लग्नांत ट्रम्पेट फुंकणारा वादक आणि मीरा रोडच्या क्लासात ख्याल शिकणारी मुलगी, दोघांचं भांडवल एकच : दमसास. म्हणून दम्याचं निदान झालं, की घरचे आधी रियाज बंद करतात.

हे चूक आहे. कुमार गंधर्व आठवा. क्षयानं गाठल्यावर १९४८ च्या जानेवारीत ते देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं आणि ते काही वर्षं गायलेच नाहीत. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, आजार हटला. फुफ्फुसाचं नुकसान मात्र राहिलं. तरी ते परतले आणि १९९२ पर्यंतच्या आयुष्यात गात राहिले. छोट्या, जोरकस स्वरवाक्यांची त्यांची गायकी आपण आजही ऐकतो. क्षय आणि दमा वेगळे, पण क्रम तोच : आधी औषध, मग गाणं. आटोक्यातला दमा रियाजाच्या आड येत नाही.

‘रोज खर्ज लावला की फुफ्फुसं मोठी होतात, दमा जातो’, असंही ऐकू येतं. रियाजानं श्वासाच्या स्नायूंवर ताबा येतो, फुफ्फुसं वाढत नाहीत. दम्यात श्वासनलिका आकसतात, आतली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. दोन ओळींमधल्या क्षणभरात श्वास भरताना गायक अडतो तो इथे.

दम्याच्या पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते, हे खोटं. आवाज बसतो, यात मात्र तथ्य आहे. स्टेरॉइडच्या पंपानं काहींचा आवाज घोगरा होतो, तोंडात बुरशी येते. पंपाला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, वापरावा, दर वेळी चूळ भरून गुळण्या कराव्यात. तरी आवाज बसला तर डॉक्टरांना सांगावं. परस्पर पंप थांबवू नये. या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळ्यांपेक्षा कितीतरी कमी.

आणि प्रत्येक धाप दम्याची नसते. श्वास आत घेताना गळ्यातून आवाज येत असेल, तर दोष स्वरतंतूंच्या हालचालीत असू शकतो. तिथे पंप फारसा कामाचा नाही.

वादकांनी वाद्याकडेही पाहावं. ब्रिटनमधल्या एका बॅगपाइप वादकाच्या मृत्यूची हकिगत डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. तो तीन महिने वाद्याविना ऑस्ट्रेलियात राहिला, तेव्हा त्याची धाप कमी झाली होती. वाद्यात बुरशी सापडली. भाईंदरच्या खाडीकाठी हवा दमट. वाजवून झाल्यावर ट्रम्पेटमधलं पाणी काढा, नळ्या धुऊन कोरड्या करा. सुट्टीत धाप कमी आणि वाजवायला लागल्यावर जास्त, असं दिसलं तर डॉक्टरांकडे वाद्याचा विषय आवर्जून काढा.