डॉक्टरीणबाईंचे आभार मानायचे तर…

डिसेंबर 2025. गोव्याहून दिल्लीला निघालेल्या विमानात एक अमेरिकन महिला कोसळली. नाडी लागेना. योगायोगाने कर्नाटकातल्या खानापूरच्या माजी आमदार डॉ. अंजली निंबाळकर त्याच विमानात होत्या. त्यांनी लगेच सीपीआर सुरू केला, म्हणजे हृदयाचं काम छातीवर दाब देत हातांनी चालवलं. रुग्ण शुद्धीवर आली. कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी या तत्परतेचं जाहीर कौतुक केलं.

त्याच खानापूर तालुक्यातलं दुसरं दृश्य जुलै 2024 मधलं. भीमगड अभयारण्यातल्या आमगावात एक बाई अत्यवस्थ झाली. भर पावसात गावकऱ्यांनी तिला खांद्यावरून, चिखल तुडवत, रस्त्यापर्यंत आणलं. आकाशात डॉक्टर हाताशी होती. जंगलात डॉक्टरपर्यंत पोहोचायलाच काही किलोमीटरची पायपीट.

अशा भागात ‘डॉक्टरीणबाई आहेत का?’ या प्रश्नाला फार वजन असतं. अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, गर्भाशयाचं दुखणं पुरुष डॉक्टरासमोर बोलायला अनेक बायकांची जीभ रेटत नाही. मग दुखणं अंगावर काढलं जातं आणि दवाखाना गाठेपर्यंत उशीर होतो. सीमाभागात तर तक्रार मराठीत ऐकायची आणि नोंद कन्नडमध्ये करायची, अशी दुहेरी कसरत.

डॉक्टरीणबाईंच्या वाटेची सुरुवातही याच मुलखाच्या शेजारी झाली. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, स्त्रियांच्या कक्षाच्या प्रमुखपदी, त्यांची नेमणूक झाली. मायदेशी त्यांचं मोठं स्वागत झालं. पण क्षयाने 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची 22 वर्षं पूर्ण होण्याआधीच, त्या गेल्या. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं. त्यांच्या पाठीशी शाहू महाराज होते. त्यांनी कृष्णाबाईंना वैद्यकाच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं. कौतुकाला राजाश्रयाची जोड मिळाली, म्हणून ते काम उभं राहिलं.

अमेरिकेत 3 फेब्रुवारी हा एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचा जन्मदिन महिला डॉक्टरांच्या सन्मानाचा दिवस म्हणून पाळतात. 1849 मध्ये तिथे वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपल्याकडे 1 जुलैला, डॉक्टर दिनी, शाल-श्रीफळ होतं. ते जरूर व्हावं. पण ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा देशभरच्या डॉक्टरांनी मागितली ती सुरक्षितता.

म्हणून येत्या डॉक्टर दिनी गावच्या पुढाऱ्यांनी आणि ग्रामस्थांनी हार घेऊन जाताना एवढं पाहून यावं: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्वार्टरच्या दाराला नीट कडी आहे का, रात्री आवारात दिवा लागतो का, पावसाळ्यात रुग्णवाहिका दारापर्यंत येते का. नसेल, तर ग्रामसभेत पहिला ठराव त्याचाच मांडावा.