पिझ्मो बीच
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॅलिफोर्निया राज्यातील पॅसिफिक किनाऱ्यावरचे एक लहान शहर. लोकसंख्या ८,०७२ (२०२०). चुमॅश आदिवासींच्या ‘डांबर’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव आले. ते लोक नैसर्गिक डांबराने होड्यांच्या फटी बुजवीत. शहराची ख्याती मात्र जाड कवचाच्या पिझ्मो शिंपल्यांमुळे झाली. एके काळी ते इतके विपुल होते की, शेतकरी नांगराने वाळूतून उपसून डुकरांना व कोंबड्यांना घालीत. अतिरिक्त उपशामुळे १९४७ मध्ये त्यांच्या व्यापारी काढणीवर बंदी आली. पुढे समुद्री पाणमांजरांनीही ते बरेच फस्त केले. ऑक्टोबरातील शिंपला महोत्सव मात्र टिकून आहे. त्यात शिंपल्यांच्या ‘चाउडर’ या दाट सूपची स्पर्धा असते. स्थानिक शिंपल्यांची विक्री निषिद्ध असल्याने उपाहारगृहांतील चाउडर बाहेरून आणलेल्या शिंपल्यांचेच असते. जूनमध्ये जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरते. स्थानिक परंपरेशी त्याचा संबंध थोडा, पण गर्दी मोठी. अलीकडे लहान शिंपले पुन्हा मोठ्या संख्येने आढळू लागले आहेत. हौशी परवानाधारकास सु. ११·४ सेंमी.हून लहान शिंपला सापडल्यास तो तेथेच वाळूत पुरावा लागतो.