उजेडाचे वैद्यक (लेखांक ९) : दिसते ते रक्त, शीर नव्हे

खोलवरची शीर सोनोग्राफीने कशी गाठतात, ते या आठवड्यात सांगायचे कबूल केले होते. ते पुढे ढकलतो आहे. पल्स ऑक्सिमीटरचा लेखांक वाचून एका निवृत्त सिस्टरनी पत्र पाठवले आणि त्यांचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. त्या विचारतात : सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधीकधी खोटा दिलासा देतो म्हणालात; मग हातावर लाल उजेड पाडून शिरा दाखवणारे ते लेसरचे यंत्र आपल्याकडच्या पेशंटवर कितपत भरवशाचे?

प्रश्न नेमका आहे, पण यंत्राच्या पोटात शिरल्याखेरीज उत्तर देता येणार नाही.

उदाहरणाला ‘अ‍ॅक्युव्हेन’ घेऊ. हे अमेरिकेतले, न्यूयॉर्क राज्यातल्या कंपनीचे यंत्र. मुठीत मावते, वजन पाव किलोहून थोडे जास्त. आत दोन लेसर असतात : एक ७८५ नॅनोमीटरचा, अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा, दुसरा ६४२ नॅनोमीटरचा, लालभडक. दोन्ही झोत एकाच वाटेने बाहेर पडतात आणि चिमुकले हलते आरसे त्यांना कातडीवरून ओळीओळीने फिरवतात. अवरक्त प्रकाश काही मिलिमीटर आत शिरतो, विखुरतो, त्यातला थोडा माघारी येतो. तो किती आला हे यंत्र ठिपक्याठिपक्याला मोजते. भरपूर आला तर लाल झोत पेटता राहतो, कमी आला तर तेवढ्या ठिपक्यापुरता विझतो. शिरेतले, ऑक्सिजन देऊन परतणारे रक्त हा प्रकाश आजूबाजूच्या मांसापेक्षा जास्त गिळते, म्हणून शिरेच्या जागी लाल विझलेला. हे सगळे इतक्या झपाट्याने चालते, की आपल्याला कातडीवर एक लाल चौकोन आणि त्यात काळपट रेघांचे जाळे दिसते.

तेव्हा यंत्र शीर रंगवत नाही. जमिनीवर पान ठेवून भोवती रांगोळी भुरभुरावी आणि पान अलगद उचलावे, तशी ती जागा कोरी सोडलेली असते.

मेम्फिसच्या हर्बर्ट झेमन यांच्या ‘व्हेनव्ह्यूअर’ची तऱ्हा निराळी. तिथे कॅमेरा अवरक्त उजेडात फोटो टिपतो आणि प्रोजेक्टर तो हातावर परत पाडतो. कॅमेरा आणि प्रोजेक्टरचा मेळ सुटला, की चित्र एकीकडे आणि शीर दुसरीकडे. दोन्ही झोत एकाच वाटेने पाठवले की ही कटकटच उरत नाही. अ‍ॅक्युव्हेनवर माझा जीव आहे तो त्यासाठी.

आता सिस्टरांच्या प्रश्नाकडे. यंत्राला शिरेतल्या रक्ताचा आकडा काढायचा नसतो. त्याला फक्त शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांत फरक हवा असतो. कातडीला रंग देणारे मेलॅनिन तिच्या अगदी वरच्या थरात असते आणि मनगटापासून कोपरापर्यंत साधारण सारखेच पसरलेले असते. शिरेवरच्या ठिपक्याचा उजेड ते जेवढा खाते, तेवढाच शेजारच्याचाही खाते, त्यामुळे फरक शाबूत राहतो. शिवाय तरंगलांबी वाढत जाते तशी मेलॅनिनची भूक मंदावते, म्हणून अवरक्ताला त्याचा जाच दृश्य प्रकाशाहून कमी. अडचण झाली तर लाल उजेडाची होते : गडद कातडीवर तो फिका वाटतो. खिडकीचा पडदा ओढला की बहुतेक काम भागते.

म्हणजे सरसकट सावळेपणाने यंत्राचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते तुकड्यातुकड्याने बदलणाऱ्या गोष्टींनी : गोंदण, जुना व्रण, दाट केस, आधीच्या प्रयत्नाने आलेला काळानिळा डाग. प्रकाश कमी परतला एवढेच यंत्राला कळते. कुणी अडवला हे कळत नाही.

मग अमुक रेघ शीरच आहे, हे ओळखायचे कसे? इथे मला विल्यम हार्वीची आठवण येते. १६२८ सालच्या त्याच्या पुस्तकात पट्टा बांधलेल्या हाताचे चित्र आहे. शिरेवर एक बोट दाबून धरायचे, दुसऱ्या बोटाने रक्त खांद्याच्या दिशेने एका झडपेपलीकडे निपटून न्यायचे. मधला तुकडा रिकामा होतो आणि रिकामाच राहतो, कारण झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. मग मनगटाकडचे बोट उचलायचे. शीर झर्रकन भरते. रक्त हृदयाकडेच धावते, हे हार्वीने असे बोटांनी दाखवून दिले.

हाच प्रयोग लाल चौकोनात करून बघावा. निपटले की काळी रेघ पुसली जाते, लाल उजेड तिच्यावरून पसरतो. शीर तिथेच आहे, पण यंत्राच्या लेखी ती नाही. बोट उचलले की रेघ मनगटाकडून सरसरत वर येते. जिथवर ती कोरी राहिली होती तिथे झडप. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी, पुढे सरकवताना मध्येच अडते, त्याचे एक कारण अशी झडप असते. निपटूनही जी रेघ पुसली जात नाही, तिथे रक्त गोठलेले असू शकते किंवा ती शीरच नसते. दोन्हीकडे सुई घालू नये. आणि सुई पलीकडे जाऊन शीर फुटली, तर रेघेच्या जागी पसरत जाणारा डाग दिसतो, हाताला फुगवटा लागण्याआधीच.

खोली मात्र हे यंत्र सांगत नाही. साधारण १ सेंटिमीटरच्या आतल्या शिरा दिसतात, पण दिसलेली शीर २ मिलिमीटरवर की ७ वर, हे बोटानेच चाचपावे लागते. यंत्र तिरके धरले तर रेघही बाजूला सरकते, म्हणून ते शिरेच्या बरोबर वर, काटकोनात धरायचे. लाल झोताकडे टक लावून बघायचे नाही. बाळ असेल तर त्याचे डोळे झाकायचे.

मुलांवर झालेल्या अभ्यासांत सरसकट सगळ्यांची पहिल्या टोचणीतली यशाची टक्केवारी फारशी वाढलेली दिसत नाही. ज्यांची शीर मुळातच अवघड, त्यांच्यात फायद्याची चिन्हे दिसतात. मला हे रास्त वाटते. सोपी शीर सिस्टरना उजेडाशिवायही मिळते. गुबगुबीत बाळाच्या हातावर पिवळे, बारीक इंट्राकॅथ घेऊन बसलेल्या सिस्टरना कुठून सुरुवात करायची एवढे जरी कळले, तरी यंत्राने कमावले.

रोहिणी या लाल चौकोनात का दिसत नाहीत, हे याच पत्रात खाली लहान अक्षरांत विचारले आहे. ते सोनोग्राफीबरोबर घेऊ. पुढच्या आठवड्यात, आणखी एखादे पत्र आडवे आले नाही तर.