गूगलवर जाहिरात दिली, तरी कामं का येत नाहीत?

समजा, कोथरूडमध्ये कुणाच्या घरी नळ फुटला. मोबाईलवर 'जवळचा प्लंबर' शोधलं की काही निकालांवर 'प्रायोजित' असं लिहिलेलं दिसतं. या झाल्या जाहिराती. त्यावर क्लिक झालं की सहसा प्लंबरचे पैसे कटतात, मग काम मिळो वा न मिळो. म्हणून जाहिरात सुरू करण्याआधी या गोष्टी तपासा.

ठिकाण: तुम्ही फक्त 'पुणे' निवडलंत, तरी मूळ सेटिंगमध्ये पुण्याबद्दल शोधणाऱ्या बाहेरगावच्या लोकांनाही जाहिरात दिसू शकते. 'त्या ठिकाणी असलेले लोक' हाच पर्याय निवडा.

नको असलेले शब्द: 'प्लंबर नोकरी' किंवा 'प्लंबिंग कोर्स' शोधणारा तुमचा ग्राहक नाही. 'नोकरी', 'कोर्स' हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका.

वेळ: ज्या वेळेत फोन उचलणं शक्य नाही, त्या वेळेत जाहिरात बंद ठेवा.

बजेट: रोजचे ३०० रुपये ठरवले, तर एखाद्या दिवशी ६०० रुपयेही खर्च होऊ शकतात. मात्र महिन्याचं बिल ३०.४ पटींच्या, म्हणजे ९,१२० रुपयांच्या वर जात नाही.

आधी फुकटचं करा: गूगल बिझनेस प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. नकाशातल्या साध्या निकालांचा क्रम मुख्यतः तुमचं काम शोधाशी किती जुळतं, अंतर आणि नावलौकिक यांवर ठरतो. तो पैसे देऊन वाढत नाही. त्यामुळे काम संपलं की ग्राहकाला रिव्ह्यू लिहायची आठवण करा.