सातबारा बघता, मग सर्जनची पदवी का नको?

भर उन्हाळ्यात वाडीत पाणी लावताना सगळे उघड्या अंगाने असतात आणि एकच पोरगा सदरा काढत नाही. अर्नाळ्याला समुद्रावर गेला तरी वाळूतच बसून राहतो. आपण म्हणतो, लाजाळू आहे. पण कधी कधी कारण वेगळं असतं. त्याची छाती बायकांसारखी वाढलेली असते आणि हे दुखणं तो कोणापाशी बोलत नाही. डॉक्टरी भाषेत याला गायनेकोमास्टिया म्हणतात.

घाबरू नका. वयात येताना पुष्कळ मुलांना हे होते आणि बहुतेकांचे एक-दोन वर्षांत आपोआप ओसरते. तेव्हा पंधरा वर्षांच्या पोराला ऑपरेशनच्या टेबलावर चढवायची घाई नको. मोठ्या माणसाला झाले तर मात्र आधी कारण शोधा. काही औषधे, दारूने बिघडलेले यकृत, थायरॉईड, अंग कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉईडची इंजेक्शने, क्वचित वृषणातली गाठ, यांपैकी काहीही असू शकते. एकाच बाजूला टणक गाठ लागली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर दिवस घालवू नका. स्तनाचा कर्करोग पुरुषालाही होतो.

तपासण्या होऊन शस्त्रक्रिया ठरली, की खरा प्रश्न येतो: करायची कोणाकडे?

जमीन घेताना तुम्ही सातबारा बघता, फेरफार बघता, शेजाऱ्याला विचारता. इथेही तेच करा. पहिली पदवी बघा. एम.बी.बी.एस., मग एम.एस. सर्जरी आणि त्यावर एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी, किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी. थोड्या दिवसांच्या 'कॉस्मेटिक' कोर्सचे सर्टिफिकेट म्हणजे ही पदवी नव्हे. दुसरी नोंदणी. डॉक्टरचा नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तिसरे रुग्णालय. १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली त्याची नोंद हवी. वसई-विरार शहरात ती महापालिकेकडे होते.

मग समोर बसून विचारा. भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ पूर्णवेळ हजर असेल का? नुसती चरबी ओढणार की आतली ग्रंथीही काढणार? अशा किती केसेस तुम्ही स्वतः केल्यात? रक्त साचले, पू झाला, छाती एका बाजूला खोलगट राहिली तर पुढे काय? पट्टा किती आठवडे बांधायचा, आणि ओझे उचलायला, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला कधी परवानगी? एकूण खर्च लेखी मागा. चांगला सर्जन या प्रश्नांना रागावत नाही. जो "आजच पैसे भरा, सूट देतो" म्हणतो, त्याच्याकडून उठून या.

खाजगी खर्च झेपत नसेल तर विरारहून लोकल धरा. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे स्वतंत्र विभाग आहेत. वेळ लागेल, रांग लागेल, पण सल्ला जाणत्या माणसाचा मिळेल.

सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक मंडळींनाही एक विनंती. गावात पदवी नसलेला कोणी सुरी चालवत असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. आणि पोराला चिडवणाऱ्यांना गप्प करा. त्याला ऑपरेशनच्या आधी धीर हवा असतो.